पोक, पट्टा आणि धडपड: तेरा वर्षांच्या लेकीच्या पाठीबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लेक १३ वर्षांची, आठवीत. वर्षभरात उंची ८ सेंटिमीटर वाढली. तेव्हापासून पोक काढून बसते, चालतानाही खांदे पुढे. दाराच्या चौकटीला आपटते, हातातलं सांडते, गेल्या महिन्यात जिन्यावर दोनदा घसरली. युनिफॉर्म शिवणाऱ्या बाईंनी सांगितलं की उजवा खांदा थोडा वर आहे. सासूबाई म्हणतात पट्टा आणा, हिचे बाबा म्हणतात मोबाइल काढून घ्या, आणि तुम्ही "सरळ बस" म्हणून म्हणून थकलात. शेवटच्या ओळीत सहा वर्षांच्या धाकट्याचे तळपाय सपाट आहेत, तेही विचारलंय.

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. आधी सरकारी रुग्णालयात होते, आता नाशिकला स्वतःचं क्लिनिक आहे. जून-जुलैमध्ये नवे युनिफॉर्म शिवून झाले की नेमके हेच प्रश्न घेऊन आया येतात, कारण मुलीची पाठ निरखून बघणारी घराबाहेरची पहिली व्यक्ती बहुतेक वेळा शिंपी किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईच असतात. एक खांदा वर, फ्रॉकचा घेर एका बाजूने खाली, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा त्यांचं म्हणणं हलक्यात घेऊ नका.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरात त्या सगळ्या "हिची पाठ" या एका नावाखाली चालल्या आहेत. पोक ही एक, खांद्याची उंची ही दुसरी, धडपड ही तिसरी. डोळ्यांना सर्वांत जास्त खुपते ती पोक, आणि घाई सर्वांत कमी तिचीच आहे. खांद्याचं मात्र या आठवड्यात बघून घ्या, म्हणून तिथूनच सुरू करते.

खांदा वर-खाली दिसण्याची साधी कारणं पुष्कळ आहेत. दप्तर कायम एकाच खांद्याला, उभं राहताना कायम एकाच पायावर भार, किंवा एक पाय किंचित आखूड. पण वाढीच्या वयात कणा बाजूला वळू लागला, म्हणजे स्कोलिओसिस असला, तरी सुरुवातीची खूण हीच असते. तो बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच राहून जातो. १० ते १६ वयाच्या मुलांमध्ये शंभरात दोन-तीन जणांच्या कण्यात १० अंश किंवा त्याहून जास्त वळण सापडतं. त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीच करावं लागत नाही. वाढत जाणारं वळण मात्र मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं, आणि ते वाढतं ते उंची झपाट्याने वाढते त्या काळात. मुलींमध्ये हा काळ साधारण साडेअकरा-बाराच्या आसपास शिगेला पोचतो, मुलग्यांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी. तुमची लेक थोडी उशिरा, पण त्याच टप्प्यातून चाललेली दिसते.

घरी बघायची रीत सोपी आहे, फक्त नीट करा. खोलीत तुम्ही दोघीच. पाठ कंबरेपर्यंत उघडी हवी. लाजत असेल तर शर्ट उलटा, बटणं पाठीवर येतील असा घालून बटणं उघडी ठेवायची. अनवाणी, पाय जुळवून, गुडघे ताठ. दोन्ही तळवे एकमेकांना लावून तिने सावकाश पुढे वाकायचं, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुम्ही तिच्या मागे पाटावर बसा, म्हणजे तुमची नजर पाठीच्या उंचीला येईल, आणि ती वाकत असताना दोन्ही बाजूंच्या बरगड्या बघत राहा. आधी वरची पाठ समोर येते, मग मधली, मग कंबर. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उचललेल्या दिसल्या, किंवा कंबरेशी एका बाजूचा स्नायू फुगलेला दिसला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मग तिला स्टुलावर बसवून पुन्हा तसंच वाकायला सांगा. उभं असताना दिसणारा फरक बसल्यावर नाहीसा झाला, तर दोष पायांच्या लांबीत असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे हे मोजायला स्कोलिओमीटर असतो, गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलसारखी छोटी पट्टी. ती पाठीवर आडवी ठेवतात आणि ५ ते ७ अंशांच्या पुढे गेली की एक्स-रे सांगतात.

एक्स-रे काढायची वेळ आलीच तर दोन गोष्टी मागून घ्या. तो उभं राहून काढलेला, अख्ख्या कण्याचा हवा. झोपवून काढलेल्या फोटोत वळण कमी दिसतं. आणि किरण पाठीकडून जातील असा काढायला सांगा, त्यामुळे वाढत्या वयातल्या छातीवर कमी किरण पडतात. रिपोर्टमध्ये कॉब अँगल, म्हणजे कण्याचं वळण किती अंशांचं आहे तो कोन, लिहिलेला असेल. ढोबळ हिशेब असा: १० ते २५ अंश असेल तर दर चार-सहा महिन्यांनी बघत राहायचं, २५ ते ४० आणि वाढ अजून बाकी असेल तर ब्रेस (अंगावर घालायचा मापाचा कडक साचा), ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचं बोलणं निघतं. "वाढ अजून बाकी" हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेल्या मुलीतले २० अंश आणि पाळी अजून न आलेल्या मुलीतले २० अंश यांची काळजी सारखी नसते. म्हणून डॉक्टर पाळीची तारीख विचारतात आणि एक्स-रेमध्ये कंबरेच्या हाडावरची रिसरची खूण बघतात; ० ते ५ अशा पायऱ्यांत ती हाडांची वाढ किती झाली ते सांगते. तुमच्या प्रश्नात पाळीचा उल्लेख नाही. जाताना ती तारीख आणि गेल्या दोन वर्षांची उंची एका कागदावर लिहून न्या.

आता पोक. इथे मला एकच प्रश्न पडतो: ती पाठ सरळ होऊ शकते का? तिला पालथं झोपवा, हात अंगालगत, आणि डोकं-खांदे जमिनीवरून उचलायला सांगा. तुम्ही बाजूने बघा. पाठीचा बाक सपाट झाला, तर ती नुसती सवयीची, लवचिक पोक आहे. उचलल्यावरही मधल्या पाठीत ठरावीक जागी कोपरा निघाल्यासारखा बाक राहिला, तिथे दुखतही असेल, तर शॉयरमनचा विचार करावा लागतो. शॉयरमन हे डेन्मार्कचे डॉक्टर. त्यांनी १९२० साली हे वर्णन केलं: वाढीच्या वयात मणके पुढच्या बाजूला कमी वाढतात आणि पाचरीच्या आकाराचे होतात. त्याला एक्स-रे आणि तज्ज्ञ दोन्ही लागतात. पण माझ्याकडे "हिला कुबड येतंय" म्हणून आणलेल्या मुलांमध्ये लवचिक पोकच खूप जास्त असते. शिवाय वरच्या पाठीला २० ते ४० अंशांचा बाक सगळ्यांनाच असतो, तो हवाच. काठीसारखी सरळ पाठ हे कुणाचंही ध्येय नसावं.

"सरळ बस" म्हटल्यावर काय होतं ते सांगते. क्लिनिकमध्ये मी मुलांना म्हणते, "आई सांगते तसं बसून दाखव." मूल एकदम छाती पुढे काढतं, कंबरेत खोल बाक येतो, खांदे कानांशी जातात, श्वास अडतो. अर्ध्या मिनिटात मान खाली यायला लागते, मग खांदे, आणि मिनिटभरात आधीपेक्षा जास्त पोक. मुलाने ऐकलं नाही असं त्यात काही नाही. त्याने कंबरेचे आणि मानेचे मोठे स्नायू आवळून ते आसन धरलं होतं, आणि ते स्नायू तासन्‌तास आवळून धरायचे स्नायूच नव्हेत. मी खांद्यांना हातच लावत नाही. मुलाला कडक स्टुलावर बसवते, दोन्ही हात कुल्ल्यांखाली ठेवायला लावते, म्हणजे बसण्याची दोन टोकदार हाडं हाताला लागतात. मग पुढे-मागे डोलायला सांगते आणि हाडं नेमकी खाली टेकली की थांबवते. कंबर जागेवर आली की वरची पाठ आपोआप निम्मी उलगडते. मुलं स्वतःच म्हणतात, "अरे, असं सोपंय?" तेवढं एक वाक्य घरी न्यायचं: "हाडांवर बस." तेही दिवसातून दोनदाच, आणि पाहुण्यांसमोर कधीच नाही.

पाहुण्यांचं मुद्दाम म्हटलं. १३ वर्षांच्या मुलीची पोक पुष्कळदा कण्यात सुरूच होत नाही. वर्गात एकाएकी सगळ्यांत उंच झालेली मुलगी मैत्रिणींच्या उंचीला यायला वाकते. छाती वाढायला लागली की ती झाकायला खांदे पुढे येतात. अशा मुलीला चारचौघांत "छाती काढून चाल" म्हटलं तर ती आणखी मिटते. मी आयांना हळूच विचारते की हिला मापाची ब्रा घेतली आहे का, आणि बऱ्याचदा उत्तर येतं, "अजून लहान आहे हो." घ्या. खेळासाठी वेगळी, घट्ट बसणारी घ्या. एवढ्यानेही काही मुलींचे खांदे मागे गेलेले मी पाहिले आहेत.

आणखी दोन गोष्टी तपासा, दोन्ही फिजिओथेरपीच्या बाहेरच्या. एक म्हणजे डोळे. वही नाकाशी धरून लिहिणारं मूल बेशिस्त असण्यापेक्षा त्याला नंबर असण्याची शक्यता जास्त. दुसरं रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली होती. तुमची लेक त्या वयोगटाच्या जरा अलीकडे आहे, पण पाळी सुरू झालेली, डब्यातली भाजी परत आणणारी मुलगी संध्याकाळी टेबलावर आडवी होत असेल तर हिमोग्लोबिन करून घ्या. घर शाकाहारी असेल तर बी-१२ आणि त्याच जोडीने ड जीवनसत्त्वही. बी-१२ फार उतरलं तर पाय कुठे पडतोय याची जाणीवसुद्धा बोथट होते, आणि ते धडपडीच्या बाजूला जातं.

पट्ट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. दोन्ही खांद्यांतून घालून मागे वेल्क्रोने आवळायचा तो लवचिक पट्टा खांदे मागे खेचतो. मणक्यांना काही करत नाही. घातलेला असतो तोवर मुलगी त्यावर भार टाकते, काढला की पाठ पुन्हा तिथेच. काखेत रुततो, उन्हाळ्यात पुरळ येतं, शाळेत शर्टाखालून दिसतो ते वेगळंच. स्कोलिओसिसचा ब्रेस ही निराळी गोष्ट आहे. तो मापाचा साचा घेऊन केलेला कडक प्लास्टिकचा असतो आणि दिवसाचे १८ तास किंवा जास्त घालावा लागतो. अमेरिका-कॅनडातल्या मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याखाली राहिलं, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के मुलांचं. ब्रेस जितके तास अंगावर, तितका उपयोग जास्त, हेही त्यातच दिसलं. सासूबाईंना सांगताना "पट्ट्याने काही होत नाही" असं म्हणू नका. "पट्टा लागलाच तर डॉक्टर माप घेऊन देतील" असं सांगा, घरात वाद कमी होईल.

मोबाइलबद्दल बाबांचं निम्मं बरोबर आहे. "मान ६० अंश वाकली की मानेवर २७ किलो भार" हा जो संदेश सगळ्या ग्रुपवर फिरतो, तो आकडा २०१४ मधल्या एका संगणकीय गणितातला आहे, मुलांच्या माना मोजून काढलेला नाही. मान वाकवल्याने मणका वाकडा होतो असं म्हणता येत नाही. मोबाइलचं खरं नुकसान वेगळं आहे: दोन-दोन तास मूल हलतच नाही. कुठल्याही एका स्थितीत इतका वेळ राहिलं की पाठ कुरकुरते, ती स्थिती चित्रातल्यासारखी आदर्श असली तरीही. म्हणून मी मुलांना लोळत वाचायलाही बंदी करत नाही. थोडा वेळ टेबलाशी, थोडा वेळ पालथं कोपरांवर, थोडा वेळ मांडी घालून चौरंगासमोर, अर्ध्या तासाला उठून पाण्याची बाटली भरून आण. पालथं पडून वाचणं तर पोक काढणाऱ्या मुलांना मी मुद्दाम सांगते.

टेबल-खुर्चीत एवढंच बघा की पाय टेकलेले आहेत. आपल्याकडे मुलं जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतात, तिथे खुर्ची मोठ्यांच्या मापाची. पाय लोंबकळले की मूल पुढे घसरतं आणि पाठ गोल होते. पायाखाली पाट किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. वही सपाट ठेवण्याऐवजी थोडी उतरती ठेवली तर मान कमी वाकते. जाड फाइल पालथी घातली तरी उतार होतो. दप्तराचं म्हणाल तर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणि २०२० च्या धोरणात केंद्रानेही वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तुमची लेक ४० किलोची असेल तर ४ किलो. हे पाळावं, दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावेत. पण दप्तरामुळे स्कोलिओसिस होत नाही, तेव्हा खांद्याचा दोष त्याच्या माथी मारून तपासणी टाळू नका.

इथवरचं एकदा जुळवून घेते. वाकवून बरगड्या बघा. उंचवटा असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ. पालथं झोपवून पोक उलगडते का बघा. उलगडत असेल तर पट्टा नको, ताकद आणि हालचाल हवी. चष्मा आणि रक्त तपासा. आता धडपड.

तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीवर चालतो: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोटे-सांधे यांतून मेंदूला जाणारी जाणीव. लहान मूल डोळ्यांवर फार विसंबतं. या तिन्हींचा मेळ मोठ्यांसारखा बसायला सात-आठ वर्षांपासून किशोरवयापर्यंत वेळ लागतो. त्यात वर्षभरात ८ सेंटिमीटर वाढ म्हणजे हात-पाय लांबले, शरीराचा भार वर सरकला, आणि मेंदूकडचा हिशेब अजून जुन्याच मापांचा. काही मुलांमध्ये या काळात धडपड वाढते आणि काही महिन्यांत उतरते. सगळ्यांची वाढते असं नाही, त्यामुळे "वयच तसं आहे" म्हणून विषय मिटवू नका आणि "वेंधळी" हे नावही पाडू नका.

आधी बूट बघा. हे मी गमतीने म्हणत नाही. वाढीच्या झपाट्यात पाय उंचीच्या आधी वाढतात, म्हणून आपण जूनमध्ये एक माप मोठे बूट घेतो, वर्ष निघावं म्हणून. पुढे दोन बोटं मोकळी जागा, टाच चालताना वर-खाली, आणि जिना उतरताना बुटाचं टोक पायरीत अडकतं. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर पुरे. तिचे दोन्ही पडणे शाळेच्या बुटांतले असतील तर अर्धं उत्तर तिथेच असेल.

मग हे करून बघा. अनवाणी, डोळे उघडे, एका पायावर. १३ वर्षांच्या मुलीला अर्धा मिनिट सहज जमायला हवं. डोळे मिटून दहाएक सेकंद निघाले तरी छान. तुम्ही शेजारी उभ्या राहा. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत दहा पावलं सरळ रेषेत. दहा पावलं चवड्यांवर, दहा टाचांवर. एका पायाने लंगडी, दोन्ही पायांनी आळीपाळीने. मी सेकंदांपेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघते. दोन्हीकडे थोडं डगमगत असेल तर सरावाने येतं. एकाच बाजूला जमत नसेल, टाचांवर चालताना एक पाऊल खाली पडत असेल, तर ते डॉक्टरांचं काम आहे.

धडपडीची गोष्टही नीट आठवा. लहानपणापासूनच सायकल उशिरा, बटणं लावायला वेळ, चेंडू झेलता येत नाही, अशी मालिका असेल तर ते हालचालींच्या समन्वयाच्या विकासातलं वेगळेपण असू शकतं. शाळकरी मुलांत ते शंभरात पाच-सहा जणांत आढळतं आणि त्याला वेगळी थेरपी लागते. गेल्या वर्षात, उंचीबरोबरच सुरू झालं असेल तर मी निश्चिंत असते. पण गेल्या काही आठवड्यांत सुरू होऊन वाढत चाललं असेल, त्यात सकाळी डोकं दुखून उलटी होणं, दोन-दोन दिसणं, झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा बिघडणं, ताप किंवा वजन उतरणं यांतलं काहीही असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. कंबरेच्या खाली मधोमध केसांचा झुपका किंवा खळगा असेल तर तोही दाखवा. खर्चाची अडचण असलेल्यांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतात, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवणी मोफत होते. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला.

सगळं ठीक निघालं, आणि बहुधा निघेल, तर काय करायचं? तुम्ही योगाचा क्लास, जिम्नॅस्टिक्स की भरतनाट्यम असं विचारलंय. हे तिच्या सांध्यांवर अवलंबून आहे. तिला मनगट वाकवून अंगठा मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकवता येतो का, कोपर-गुडघे उलटे वाकतात का, गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला सहज टेकतात का, ते बघा. असे ढिले सांधे असलेली मुलगी योगाच्या क्लासमध्ये सगळ्यांत कौतुकाची ठरते आणि घरी येऊन पाय दुखतात म्हणते. तिला आणखी ताण (स्ट्रेचिंग) देण्याऐवजी ताकद हवी: पोहणं, दंड-बैठका, हलक्या वजनांचे व्यायाम. उलट जिला उकिडवं बसताच येत नाही, टाचा उचलल्या जातात, तिला ताण आणि मोकळेपणा हवा. कमोडवर वाढलेल्या अनेक मुलांना आता उकिडवं बसता येत नाही, हे मी रोज बघते. टाचा टेकवून, दाराच्या चौकटीला धरून रोज मिनिटभर बसवा.

घरी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. भिंतीला पाठ, कंबर, डोकं टेकवून हात भिंतीवरून वर सरकवायचे, खाली आणायचे, दहा वेळा. पालथं झोपून भुजंगासन आणि शलभासन, पाच-पाच श्वास. उताणं झोपून सेतुबंध. कोपरांवर फळीसारखं राहणं, पंधरा-वीस सेकंदांपासून. दाराला लावायचा बार असेल तर त्याला लोंबकळणं. मुलं हे न सांगता करतात. तोलासाठी एका पायावर उभं राहून केस विंचरायचे, पुढच्या आठवड्यात घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहून. न्हाणीघरात, ओल्या फरशीवर हे अजिबात नको. सहा-आठ आठवड्यांत ताकदीत फरक जाणवतो, पोक दिसायला कमी व्हायला तीन-चार महिने धरा. रोज फोटो काढू नका. तीन महिन्यांतून एकदा बाजूने एक काढा, आणि वाढ थांबेपर्यंत दर चार-पाच महिन्यांनी ती वाकून बघायची तपासणी पुन्हा करा, या वेळी काही सापडलं नाही तरी.

व्यायामाला नाक मुरडणारी असेल तर खेळावर सोडा. लंगडीत एका पायावर धावत, वळत, वाकून दुसऱ्याला बाद करायचं असतं; घोटा, कंबर आणि तोल यांना इतकं काम देणारा बिनखर्चाचा दुसरा खेळ मला माहीत नाही. खो-खोत बसल्या जागेवरून सुटून एकदम दिशा बदलायची असते. मंगळागौरीत बसफुगडी घालायला लावा, पोक काढून ती घालताच येत नाही. गावात मल्लखांबाचा वर्ग असेल तर दोरीचा मल्लखांब मुलींसाठी उत्तम, फक्त पाठीची तपासणी आधी उरकून घ्या आणि वर्गात वय नि सवय बघून चढवणारे गुरुजी आहेत ना ते पाहा. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दम लागेल इतकं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा-क्लासच्या रामरगाड्यात तास निघत नाही, हे मलाही कळतं. पाऊण तास निघाला तरी घ्या, पण क्लासला चालत किंवा सायकलवर पाठवून तो वाढवा.

आता धाकटा. सहा वर्षांच्या मुलाचा तळपाय सपाट असणं फार सामान्य आहे. कमान साधारण दहाव्या वर्षापर्यंत घडत राहते. त्याला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. कमान उमटली आणि टाच किंचित आत वळली, तर पाय लवचिक आहे. दुखत नसेल तर काहीही करू नका, बुटात कमानीचा खास सोल घातल्याने कमान लवकर तयार होत नाही. वाळूत, मातीत, गवतावर अनवाणी खेळू द्या. चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, एकच पाय सपाट असेल, किंवा खेळून आल्यावर नेहमी पाय दुखतात म्हणून रडत असेल, तर ताईला दाखवायला न्याल तेव्हाच त्यालाही न्या.